‘पहिल्या धारेची’ सिंगल माल्ट? व्हिस्की चाखण्याच्या शब्दांविषयी

प्रश्न असा आला आहे: ‘स्कॉटलंडच्या प्रवासावर मराठीत लेख लिहितो आहे. आयला बेटावर चाखलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कींचं वर्णन करायचं आहे. सिंगल माल्टला “एकल माल्ट” म्हणावं का? उत्तम, अस्सल या अर्थी “पहिल्या धारेची” म्हटलं तर चालेल का? आणि नोज, पॅलेट, फिनिश, पीटी, स्मूथ या शब्दांचं काय करावं?’

आधी ‘पहिल्या धारेची’ घेतो, कारण तिथे अर्थच उलटा होण्याची भीती आहे. हा शब्दप्रयोग आला हातभट्टीवरून. मद्यार्क पाण्याआधी उकळतो. त्यामुळे भट्टी तापली की नळीतून पडणारी सुरुवातीची धार सगळ्यांत कडक असते आणि पुढे पुढे ती पाणचट होत जाते. पिणाऱ्याच्या दृष्टीने पहिली धार म्हणजे बिनपाण्याची, अस्सल. आज आपण एखाद्याच्या भाषणालाही ‘पहिल्या धारेचं’ म्हणतो, ते त्याच अर्थाने.

स्कॉटलंडमध्ये मात्र पहिली धार पिंपात जातच नाही. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. त्याची व्हिस्की तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोनदा गाळतात. पहिल्या भांड्यात आंबवलेला, बिअरइतपत कडक रस घालतात. त्यातून निघतं ते साधारण 20 ते 25 टक्के मद्यार्काचं, त्याला तिथे ‘लो वाइन्स’ म्हणतात. गोव्यात काजूच्या रसाचं पहिल्यांदा गाळून उर्राक होतं आणि पुन्हा गाळून फेणी होते, ते ज्याने पाहिलं आहे त्याला ही पायरी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दुसऱ्या भांड्यातून येणारी धार पितळ-काचेच्या एका कुलूपबंद पेटीतून वाहते. भट्टी सांभाळणाऱ्याला ती चाखता येत नाही, फक्त काचेतून दिसते. पूर्वी या पेटीची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे, म्हणजे थेंबभरही कर चुकायला नको. सुरुवातीची धार कडक असते खरी, पण तिच्यात नाकाला झोंबणारी, चटकन उडून जाणारी द्रव्यं असतात आणि आधीच्या खेपेचा भांड्यात राहिलेला तेलकट अंशही असतो. तो ओळखायची जुनी रीत फार सुंदर आहे: पेटीतल्या पेटीत धारेत पाणी मिसळायचं. मिश्रण गढूळ झालं तर अजून वेळ आहे, नितळ राहिलं की धार वळवायची. मग मधला भाग गोळा होतो, त्याला तिथे ‘हार्ट’ म्हणतात. शेवटची, वासाने जड धार पुन्हा बाजूला काढतात. पहिली आणि शेवटची धार टाकून देत नाहीत, पुढच्या खेपेत मिसळून पुन्हा गाळतात.

तेव्हा सिंगल माल्टला काही म्हणायचंच असेल तर ‘मधल्या धारेची’ म्हणा. हे मी अगदी मनापासून सुचवतो आहे. वाचणाऱ्याला ‘पहिल्या धारेची’ ठाऊक असतेच, त्यामुळे ‘मधल्या धारेची’ वाचून तो थबकेल आणि त्या थबकण्यातच तुम्हाला त्याला तो कुलूपबंद पेटीचा कारभार सांगता येईल. शिवाय व्हिस्कीचा स्वभाव धार कुठे वळवली यावर ठरतो. धुराचा वास देणारी जड द्रव्यं उशिरा उतरतात, म्हणून धुरकट व्हिस्की करणाऱ्यांना मधली धार जरा लांबवावी लागते.

आता ‘सिंगल’. इथला घोटाळा मराठीपुरता नाही, इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होतो. ‘सिंगल’ हे विशेषण माल्टला लागलेलं दिसतं, पण ते खरं आहे डिस्टिलरीचं. एकाच डिस्टिलरीत, निव्वळ मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली ती सिंगल माल्ट. एकाच पिंपातली असण्याची गरज नाही. त्याच डिस्टिलरीच्या शंभर पिंपांचं मिश्रण असलं तरी ती सिंगल माल्टच. एकदाच गाळलेली, असाही अर्थ नाही: दोनदा तर गाळतातच, ऑखनटॉशन या डिस्टिलरीत तीनदा गाळतात. दोन डिस्टिलऱ्यांच्या सिंगल माल्ट एकत्र केल्या की तिला 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांप्रमाणे ‘ब्लेंडेड माल्ट’ म्हणावं लागतं. त्याआधी बाटल्यांवर ‘व्हॅटेड माल्ट’, ‘प्युअर माल्ट’ असंही छापलेलं असे, त्या नियमांनी हे शब्द बंद केले.

म्हणून ‘एकल माल्ट’ मला पटत नाही. ‘एकल’ म्हटलं की माल्ट एकटा पडल्यासारखा वाटतो आणि डिस्टिलरी दिसतच नाही. ‘सिंगल माल्ट’ तसंच राहू द्या, लोकांच्या तोंडी ते बसलेलं आहे. पहिल्यांदा आलं की ‘म्हणजे एकाच भट्टीची’ एवढं जोडून द्या. ‘भट्टी’ या शब्दाला हातभट्टीचा वास येतो म्हणून काही जण ‘आसवनी’ लिहितात, पण सरकारी कागदाबाहेर मी तो शब्द ऐकलेला नाही. तुमच्या लेखात ‘डिस्टिलरी’ आणि ‘भट्टी’ दोन्ही चालतील. लिंगाचंही एक लक्षात ठेवा. धान्य या अर्थी ‘माल्ट वाळवला’, पेय या अर्थी ‘सिंगल माल्ट आवडली’. व्हिस्की, दारू स्त्रीलिंगी म्हणून पेयही स्त्रीलिंगी झालं. दोन्ही बरोबर आहेत, एकाच परिच्छेदात आले तरी बिचकू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण लेखात हमखास येणार अशी एक जागा म्हणजे वय. आपण सर्रास ‘बारा वर्षं जुनी’ म्हणतो. इथे मराठीकडे कितीतरी अचूक क्रियापद आहे: मुरणे. लोणचं मुरतं तशीच व्हिस्की पिंपात मुरते, म्हणजे नुसती पडून राहत नाही, लाकडाशी तिची देवाणघेवाण चालते. कायद्याने स्कॉचला ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान 3 वर्षं मुरावं लागतं आणि पिंप 700 लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाटलीत भरली की मुरणं थांबलं. बारा वर्षं मुरलेली बाटली कपाटात आणखी वीस वर्षं ठेवली तर ती जुनी होईल, पण मुरलेली बारा वर्षंच राहील. ‘जुनी’ आणि ‘मुरलेली’ यांतला हा फरक मराठीत एका शब्दात दाखवता येतो, तर तो दाखवायलाच हवा. बाटलीवरचा आकडा मिश्रणातल्या सगळ्यांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचा असतो, हेही ओघात सांगून टाका. आणि मुरण्याचा वेग हवेवर असतो. गोव्यात मुरणाऱ्या पॉल जॉन या भारतीय सिंगल माल्टच्या पिंपांतून दर वर्षी उडून जाणारा अंश स्कॉटलंडमधल्या साधारण 2 टक्क्यांच्या कितीतरी पट असतो. गोव्यातली कमी वर्षांची सिंगल माल्टही लाकडाचा रंग-वास चांगला घेतलेली असते. वर्षांच्या आकड्यावरून तिची आणि स्कॉचची तुलना करणं त्यामुळे बरोबर नाही.

नोज. ‘नाक’ असं भाषांतर करू नका. मराठीत माणसाला नाक असतं, पेयाला नसतं. ‘वास’ सरळ आहे, पण नुसतं ‘वास येतो’ म्हटलं की आपल्याला दुर्गंध ऐकू येतो. ‘सुवास’ म्हटलं की निकाल आधीच लागला. म्हणून मथळ्यासाठी ‘गंध’ आणि क्रियेसाठी ‘वास घेणे’ ही जोडी बरी. ‘हुंगणे’ तुम्हाला मोह घालेल, तो आवरा, त्यात कुत्र्या-मांजरांची छटा आहे. ग्लासमध्ये नाक खुपसल्यावर जो झटका बसतो त्याला मात्र मराठीत पक्का शब्द आहे: भपकारा. भपकारा टाळायचा म्हणून तोंड किंचित उघडं ठेवून, ग्लास जरा दूर धरून वास घेतात. पाण्याचे थेंब घातले की भपकारा खाली बसतो आणि मागे दडलेलं वर येतं. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवलं होतं की व्हिस्की पातळ केली की ग्वायकॉल, म्हणजे धुरकट गंधाचं एक द्रव्य, द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होतं.

पीटी हा सगळ्यांत अवघड शब्द. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेलं शेवाळ-झुडपांचं थर. आयलावर झाडं कमी, त्यामुळे चुलीत जळायचं ते हेच. मोड आणलेला सातू त्याच्या धुरावर वाळवला की तो धूर दाण्यात बसतो. याला ‘मातकट’ म्हणणं चूक. मातीचा वास पीटच्या ढेकळाला असेल, पेल्यात उतरतो तो त्याच्या धुराचा. ‘धुरकट’ जवळचा आहे, पण आपल्याकडे दूध धुरकटलं की ते बिघडलेलं असतं. इथे धूर मुद्दाम दिलेला आहे आणि त्या मुद्दाम देण्यासाठी आपल्याकडे नाम आहे: धुरी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपा टाकून देतात ती धुरी. ‘पीटेड माल्ट’ला ‘पीटची धुरी दिलेला माल्ट’ म्हणा, त्यात कृती आणि हेतू दोन्ही आले. चवीचं वर्णन करताना ‘धुरकट’ खुशाल वापरा, मागे ‘धुरी’ येऊन गेलेली असली की तो दोष वाटत नाही.

पण नुसत्या धुराने काम भागत नाही. पीटच्या धुरात फिनॉल आणि क्रेसॉल जातीची द्रव्यं असतात. जुन्या दवाखान्यातल्या काळ्या फिनेलचा वासही याच घराण्यातला. आयलावरच्या लफ्रॉइग व्हिस्कीचा पहिला वास घेऊन कुणी ‘दवाखाना!’ म्हणालं तर तो माणूस अडाणी नाही, त्याच्या नाकाने रसायन बरोबर ओळखलं आहे. तेव्हा ‘टिंक्चर आयोडीन’, ‘फिनेल’, ‘डांबर’ हे शब्द लिहायला संकोचू नका. धुरीचं माप माल्टच्या दशलक्ष भागांत फिनॉलचे किती भाग, असं देतात: लफ्रॉइगचं 40 ते 45, आर्डबेगचं साधारण 55, ऑक्टोमोरच्या अनेक आवृत्त्यांचं 100 च्या पुढे. हे माप माल्टचं आहे, गाळताना त्यातलं बरंच कमी होतं. आणि आयलाची प्रत्येक व्हिस्की धुरकट असते असंही समजू नका. तिथल्याच बुनाहावन डिस्टिलरीची बरीचशी व्हिस्की बिनधुरीचीच असते.

पॅलेटला ‘चव’ पुरे. ‘स्वाद’ लिहिलंत तरी हरकत नाही. इथे आपली विशेषणं कामाला लावा. ओकमधून येतं ते तुरट. टॅलिस्कर व्हिस्कीला मागून लागतं ते मिरीचं तिखट. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली असेल तर काळ्या मनुका, खारीक, अंजीर. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेली असेल तर व्हॅनिला आणि सुकं खोबरं. खोबऱ्याचा भास ओकमधल्याच एका द्रव्याने होतो, त्यामुळे ते लिहिताना मराठी जेवणाचं उसनं अवसान आणल्यासारखं वाटायचं कारण नाही. उलट ज्या वासाशी तुमची ओळखच नाही, तो हेदर या स्कॉटलंडमधल्या रानझुडपाच्या फुलांचा वास इंग्रजी नोंदीतून उचलून लिहू नका. एक सावधगिरी ‘मेणचट’बद्दल. क्लायनेलिश या डिस्टिलरीच्या व्हिस्कीला मेणासारखा गुळगुळीत जाड पोत असतो आणि जाणकार त्याच्यासाठीच ती घेतात, पण मराठीत ‘मेणचट’ ही शिवी आहे. तिथे ‘मेणासारखी’ असं फोडून लिहा.

फिनिश म्हणजे ‘शेवट’ नव्हे. गिळल्यानंतर जे सुरू होतं ते. आपण म्हणतो ‘चव तोंडात रेंगाळते’, ‘याची चव मागून कळते’. ‘मागची चव’ हा मथळा मला सगळ्यांत नैसर्गिक वाटतो. ‘स्मूथ’ला ‘गुळगुळीत’ नको, ‘मुलायम’ही जाहिरातीतला. ‘घशाला लागत नाही’, ‘अलगद उतरते’ असं आपण बोलतोच, तेच लिहावं.

एक नमुना देतो. लागावूलिन, 16 वर्षं मुरलेली, 43 टक्के मद्यार्क. गंध: आधी धुरी, ओलसर आणि औषधी, तिच्यामागे टिंक्चर आयोडीन, ग्लास थोडा वेळ तसाच ठेवल्यावर काळ्या मनुकांचा गोडवा वर येतो. चव: दाट, आधी गोड, लगेच खारट, मग कडांना तुरट. मागची चव: धूर बराच वेळ रेंगाळतो, गोडवा आधी जातो, मीठ शेवटपर्यंत राहतं. पाण्याचे चार थेंब घातल्यावर: औषधी वास मागे सरतो, मनुका पुढे येतात, चव मात्र जरा पातळ होते.

नावं लिहिताना स्पेलिंगवर जाऊ नका. बेट ‘इस्ले’ नाही, ‘आयला’. ‘ग्लेनमॉरंजी’त जोर ‘मॉ’वर आहे. ग्लेन गॅरिओक असं वाचाल ती ‘ग्लेन गीरी’. गेलिकमध्ये ‘ग्लेन’ म्हणजे खोरं, तेव्हा ग्लेनलिव्हेट म्हणजे लिव्हेट नदीचं खोरं. आपण पवनेचं खोरं म्हणतो तसंच ते नाव आहे, प्रवासलेखात त्याला जागा द्या. प्रत्येक नोंदीत टक्केवारी आणि पाणी घातलं की नाही, एवढं मात्र न विसरता लिहा. त्याशिवाय दोघांच्या नोंदी ताडून पाहता येत नाहीत.