सनसेट व्ह्यू म्हणजे नेमका कुठल्या महिन्यातला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ फेब्रुवारीला आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. खोलीतूनच समुद्रातला सूर्यास्त दिसेल असं जरा राजेशाही ठिकाण हवंय. कोकण-गोव्यातली तीन रिसॉर्ट्स निवडलीत आणि तिन्हीकडे ‘सनसेट’ खोलीला रात्रीचे सहा-सात हजार जास्त. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तर जास्तीचे पैसे द्यावेत का?

द्या. पण खोलीच्या नावाला देऊ नका, दिशेला द्या.

मी आर्किटेक्ट आहे, किनाऱ्यावरच्या दोन रिसॉर्ट्सच्या कामात होते, आणि तरीही स्वतः फसले. आमच्या अप्पांच्या पंचाहत्तरीला डिसेंबरात आम्ही अकराजण गेलो होतो. जागेचं नाव सांगत नाही. वेबसाइटवर बाल्कनी, वेताची खुर्ची आणि समुद्राच्या बरोब्बर मध्यावर तांबडा गोळा. अप्पांना साडेपाचलाच त्या खुर्चीत बसवलं, थर्मासमधला चहा ओतला, आणि पावणेसहाला सूर्य डावीकडच्या डोंगराच्या नाकाडामागे गेला तो गेलाच. सूर्यास्ताची वेळ होती सहा वाजून पाच मिनिटांची! पुळणीवरून उत्तरेकडे चांगलं लांब चालत गेल्यावर तो समुद्रात बुडताना दिसत होता. पोरं धावली. अप्पा म्हणाले, “तुम्ही बघून या, मी चहा संपवतो.” परत आलो तेव्हा कप भरलेलाच होता. फोटो एप्रिलमधला होता, हे मागाहून कळलं.

सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. एरवी तो सरकत असतो. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात ती ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. मधल्या काळात सूर्य आणखी दक्षिणेला जाऊन परत त्याच जागी येतो, म्हणून तारखांची जोडी. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना ‘कुठल्या महिन्यातला सूर्यास्त’ हा प्रश्न पडला होता. आपल्या रिसॉर्टवाल्यांना पडत नाही.

हीच जोडी तुम्ही वापरा. २१ डिसेंबर हा मधला बिंदू धरला, तर ८ फेब्रुवारी त्याच्या ४९ दिवस पुढे. ४९ दिवस मागे गेलात की २ नोव्हेंबर. म्हणजे रिसॉर्टला सांगा, की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला किंवा दिवाळीच्या आसपासचा, त्याच खोलीच्या बाल्कनीतून काढलेला फोटो पाठवा. ब्रोशरमधला नको, कुणीतरी मोबाइलवर काढलेला. दिवाळीत त्यांच्याकडे गर्दी असतेच, पाहुण्यांनी रिव्ह्यूंत टाकलेले फोटोही तारखेसकट सापडतात.

दुसरी खात्री फोनवर होते. आपल्या किनाऱ्यावर तुमच्या तारखेला सूर्य साधारण २५४ अंशांवर मावळेल (पश्चिम म्हणजे २७०). डिसेंबरात तो २४५ पर्यंत जातो, जूनमध्ये २९५ पर्यंत. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे दहा अंश, म्हणजे वर्षभरात पाच मुठी सरकतो! रिसेप्शनवरच्या माणसाला सांगा, बाल्कनीत उभं राहून फोनमधलं होकायंत्र २५४ वर आण आणि समोर काय दिसतं ते सांग. पाणी, डोंगर की शेजारच्या विंगची भिंत. मी हे दोनदा केलंय. एकदा समोरचा हसला, पण गेला आणि बघून आला.

आता खोलीबद्दल. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत फोटोत झकास दिसते, पण तीन ते सहा ऊन आडवं आत घुसतं. वरच्या छज्जाचा तेव्हा उपयोग नसतो, कारण सूर्य छज्जाच्या खालून येतो. मग पडदे ओढून एसीत बसायचं आणि सहाला पडदा उघडायचा. हा सिनेमा झाला, समुद्र नव्हे. आपल्या घरांना पडवी असायची आणि तिला झाप किंवा चिकाचे पडदे, ते याचसाठी. खोल बाल्कनी आणि उभी फिरती झडपं असतील, तर त्या डिझाइनरने तिथे एक दुपार काढलीय असं समजा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केरळातल्या कोवळमच्या रिसॉर्टमध्ये खोल्या टेकडीच्या उतारात पायऱ्यांसारख्या बसवल्या, प्रत्येकीला आपला उघडा सज्जा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या सूर्यासमोर येत नाही. श्रीलंकेत अहुंगल्लाच्या एका हॉटेलात तिथलेच आर्किटेक्ट जेफ्री बावांनी १९८१ च्या सुमारास लॉबीतून बघताना तलावाचं पाणी आणि समुद्र एकच वाटावं असं केलं. आता प्रत्येक जण इन्फिनिटी पूल काढतो, पण ती जादू पाण्याच्या पातळीला डोळे असतील तरच चालते. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून पूल, त्याची कड आणि पाणी झेलणारी पन्हळ स्पष्ट दिसते. तेव्हा ‘पूल आणि सनसेट दोन्ही बाल्कनीतून’ यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

‘सी फेसिंग’वरही डोळे झाकून जाऊ नका. १९९१ च्या किनारा नियमनानंतर ग्रामीण पट्ट्यात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या पक्क्या बांधकामांना बंदी आली, म्हणून नंतरची रिसॉर्ट्स मागे सरकली आणि मध्ये सुरूचं बन किंवा वाळूच्या टेकड्या आल्या. मला स्वतःला त्या टेकड्या हव्यातच, पण तळमजल्यावरून समुद्र फक्त ऐकू येतो. आग्वादचं ताजचं रिसॉर्ट १९७४ चं, किल्ल्याच्या तटाला लागून, म्हणून ते पाण्याच्या इतकं जवळ आहे. दृश्य अप्रतिम, पण चढउतार आहे, बाबांचं बघा. गुडघ्यासाठी मी दक्षिण गोव्यातला माजोर्डा, बाणावली ते मोबोर हा सपाट, सरळ पट्टा निवडेन. समोर क्षितिज मोकळं, फेब्रुवारीत आड काही येत नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर घ्या, पण लिफ्ट आहे ना हे आधी विचारा.

भावाने मालदीव सुचवलंय म्हणालात. तिथे सनसेट व्हिला आणि सनराइज व्हिला असे वेगळे दर असतात. काही रिसॉर्ट्स तर घड्याळच राजधानी मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळ उशिरापर्यंत मिळते. गंमत आहे, पण लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नातेवाईक जमवायचे असतील तर विमानं आणि बोटी कुणी करायच्या?

एक सावधगिरी. फेब्रुवारीत क्षितिजावर धुरकट थर असतो. गोळा पाण्याला टेकायच्या आधीच विरघळतो, त्याला रिसॉर्ट काय करणार. स्वच्छ बुडी बघायची तर पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर. तशीही टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन-अडीचच मिनिटं असतात. खरा रंग नंतरच्या वीस मिनिटांत चढतो, आणि नेमके तेव्हाच बरीच रिसॉर्ट्स लॉनवरचे फ्लडलाइट आणि डीजे सुरू करतात. बुकिंगच्या वेळीच विचारा, लॉनवरचे दिवे कधी लागतात. मोरजी किंवा वेळाससारख्या किनाऱ्यांवर तर हे कासवांसाठीही महत्त्वाचं, पिल्लं दिव्याकडे भरकटतात.

७ तारखेच्या संध्याकाळीच पोहोचा, म्हणजे एक दिवस हातात राहील. ८ ला सहापासून बाल्कनीत फक्त दोन खुर्च्या आणि चहा ठेवा, बाकीचे खाली वाळूत. आणि केक साडेसहाला मुळीच आणू नका, नाहीतर सगळे मेणबत्तीकडे बघत बसतील. सातनंतर कापा.