संत्र्याचा ताजा रस घालूनही घरच्या वॉफलला संत्र्याची चव का येत नाही, आणि ते लगेच मऊ का पडतात?

तुम्ही लिहिलंय की दुधाऐवजी अख्खा कपभर संत्र्याचा रस घालून वॉफल करताय, तरी खाताना संत्रं कुठे जाणवत नाही, वर मशीनमधून काढल्यावर दोन मिनिटांत सगळे लोळागोळा होतात, मग आता इसेन्स आणू का. इसेन्स अजिबात आणू नका. मी नागपूरची आहे, आमच्याकडे सीझनमध्ये संत्री पेटीने येतात आणि रविवारचा नाश्ता त्या दिवसांत बऱ्याचदा हाच असतो, त्यामुळे याबद्दल मला खरंच मनापासून सांगायचंय.

पहिली गोष्ट, ज्याला आपण संत्र्याचा वास म्हणतो तो रसात फार थोडा असतो, तो असतो सालीत. सालीच्या वरच्या केशरी थरात बारीक बारीक तेलाच्या पिशव्या असतात, संत्रं सोलताना डोळ्यात जो फवारा उडतो ना तो तोच. सालीचा तुकडा मेणबत्तीजवळ धरून वाकवून बघा, ज्योतीत चटचट ठिणग्या उडतात इतकं ते तेल असतं. रस म्हणजे बहुतेक पाणी, थोडी साखर आणि आंबटपणा. ते पाणी गरम मशीनमध्ये वाफ होऊन जातं आणि जो काही थोडा वास रसात होता तोही वाफेबरोबर निघून जातो. उरतो फक्त हलका आंबटगोडपणा, तो मैद्यात कळतसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही रस आणखी वाढवलात तर चव वाढणार नाही, फक्त वॉफल आणखी ओले होतील.

तर साल वापरायची, पण फक्त केशरी भाग. त्याच्या खालचा पांढरा थर कडू असतो. आता इथे नागपुरी संत्र्याची एक गंमत आहे, त्याची साल सैल असते, आत हवा असल्यासारखी, त्यामुळे किसणीवर घासायला गेलं की साल आत दबते नाहीतर फाटते. परदेशी व्हिडिओंमध्ये जे घट्ट सालीचं ऑरेंज सरसर किसतात तसं हे होत नाही आणि लोक वैतागून सोडून देतात. दोन उपाय आहेत. एक, संत्रं तासभर फ्रिजमध्ये ठेवा, गार झालं की साल जरा कडक होते, मग जायफळ किंवा आलं किसायची बारीक किसणी घ्या आणि हलक्या हाताने, एका जागी एकदाच, फळ फिरवत फिरवत किसा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. संत्रं नेहमीसारखं सोलायचं, सालीचे मोठे तुकडे ओट्यावर पालथे ठेवायचे, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा (नागपुरी संत्र्याचा तो फार पटकन निघतो), उरलेली पातळ केशरी साल सुरीने अगदी बारीक चिरायची आणि खलबत्त्यात साखरेबरोबर कुटायची. साखरेचे खडे सालीला घासतात, तेल बाहेर येतं आणि साखर ओल्या वाळूसारखी होते, रंग फिका केशरी. या क्षणी स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो कुठल्याच बाटलीत मिळत नाही. साल किसून घेतली असेल तरी हेच करा, साखरेत घालून बोटांनी चोळा, मिनिटभर तरी. ही पायरी गाळू नका, सगळी चव इथेच ठरते.

साल वापरायची म्हणजे फळं नीट धुवायला हवीत हे ओघानं आलंच. बाजारातल्या चकचकीत फळांवर बरेचदा मेणाचा थर असतो, शिवाय फवारणी असते. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून हाताने किंवा मऊ ब्रशने चोळून धुवा आणि पूर्ण पुसून घ्या. ओली साल किसणीवर चिकटते.

आता प्रमाण सांगते, मध्यम मशीनवर चार माणसांचा नाश्ता होतो. दीड कप मैदा, पाव कप कॉर्नफ्लोअर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून मीठ. दोन मोठे चमचे साखर आणि तिच्यात कुटलेली दोन संत्र्यांची साल. दोन अंडी, अर्धा कप दही, पाऊण कप दूध, आणि रस फक्त पाव कप, म्हणजे साधारण एका संत्र्याचा. ऐंशी ग्रॅम वितळवलेलं लोणी, किंवा तूप घेतलंत तर थोडं कमी, पाच मोठे चमचे.

तुम्ही विचाराल की रसात वास नाही तर पाव कप तरी कशाला. तो आंबटपणासाठी. रस आणि दही दोन्ही आंबट, त्यांची सोड्याशी गाठ पडली की गॅस तयार होतो आणि पीठ फुलतं. दुधात रस घातल्यावर दूध जरा फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, वॉफलमध्ये त्याने काही बिघडत नाही, उलट ताकासारखं काम करतं. मीठही सोडू नका, मीठ नसलं की आंबटगोड चव सपक लागते.

रस हाताने किंवा साध्या रसयंत्रावर काढा, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया फुटल्या की रस कडू होतो. आणि रस लागेल तेव्हाच काढा. संत्र्याचा रस नुसता ठेवला तरी हळूहळू कडवट होत जातो, बिया नसल्या तरी. किन्नूचा तर फारच. बाकी एक, पुण्यामुंबईकडे थंडीत संत्री म्हणून जे विकतात त्यातला बराच माल किन्नू असतो, पंजाब-राजस्थानकडचा. तो मुळात कॅलिफोर्नियात तयार केलेला संकर आहे, 1935 मध्ये लागवडीसाठी दिला गेला. साल घट्ट, चकचकीत, बिया भरपूर. किसायला सोपा हे खरं, तेव्हा तुमच्याकडे तोच मिळत असेल तर बिनधास्त साल किसून घ्या, रस मात्र काढल्या काढल्या वापरा. नागपुरी संत्रं मिळालं तर उत्तमच. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा संपताना आलेल्या फुलोऱ्याची फळं दिवाळीच्या आसपास यायला लागतात आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हा सगळा पट्टा त्या दिवसांत केशरी असतो. मला विचाराल तर मृगाचं संत्रं. हिरवट साल असली तरी टाकू नका, तिचा वास जरा तिखट असतो पण छान लागतो.

आता मऊ पडण्याबद्दल. याची कारणं तीन-चार आहेत आणि सगळी ओलाव्याशी येऊन थांबतात. एक तर रस जास्त, ते झालं. दुसरं, नुसता मैदा. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नाही, त्यामुळे बाहेरचा थर चिवट न होता पातळ आणि कुरकुरीत होतो. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाचं पीठ घाला, आपल्या भज्यांत घालतो त्याच कारणासाठी, फक्त अगदी बारीक दळलेलं हवं. तिसरं, चरबी कमी. लोकं डाएटच्या नावाखाली दोन चमचे तेल घालतात आणि मग वॉफल पावासारखा लागतो म्हणून तक्रार करतात. वॉफलला तूप-लोणी हवंच, पृष्ठभाग त्यातच तळल्यासारखा होतो. माझं मत तुपाच्या बाजूने आहे कारण लोण्यात थोडं पाणी असतं, तुपात नसतं, आणि घरच्या तुपाचा खमंगपणा संत्र्याबरोबर फार सुंदर जातो, संत्रा बर्फी खाल्ली असेल तर कळेल मी काय म्हणतेय. एवढं मात्र बघा की दूध, दही, अंडी फ्रिजमधून थेट काढलेली नकोत, नाहीतर वितळलेलं तूप त्यात पडताच गोठून गुठळ्या होतात.

कालवताना आधी कोरडं सगळं एकत्र, साखर-साल त्यातच. ओलं वेगळ्या भांड्यात. मग ओलं कोरड्यात ओतून पंधरा-वीस वेळा हलवायचं आणि थांबायचं, बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. फेटत बसलात की ग्लुटेन तयार होतं आणि वॉफल रबरी होतात. हौस असेल तर अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळा, खूप हलके होतात, पण सकाळच्या घाईत मी हे करत नाही आणि फारसं अडतही नाही. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं सैल, डावातून सलग पडेल असं हवं. पाच मिनिटं ठेवा, मशीन तापेपर्यंत.

मशीन. दिवा लागला म्हणजे तापलं असं लगेच समजू नका, त्यानंतरही तीन-चार मिनिटं तापू द्या. घरगुती छोट्या मशीनच्या प्लेटी पीठ पडलं की पटकन गार होतात आणि मग वॉफल भाजण्याऐवजी आत शिजत बसतो. ब्रशने तेल लावा, स्प्रेचा डबा वापरत असाल तर बंद करा, त्याचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि निघता निघत नाही. पीठ घालून झाकण लावलं की बाजूने जोरात वाफ येते. ही वाफ बघायची, घड्याळ नाही. वाफ भरभर येतेय म्हणजे आत अजून पाणी आहे. ती जवळजवळ थांबली की अर्धा-एक मिनिट अजून द्या आणि मगच उघडा. मध्येच उघडलंत तर वॉफल मधून फाटून अर्धा वर, अर्धा खाली चिकटतो. रंग चांगला बदामी हवा, फिकट पिवळा काढलात तर तो मऊ पडणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढून ताटलीत ठेवू नका, एकावर एक तर मुळीच नको. गरम वॉफलमधून वाफ निघत राहते, ताटलीवर अडली की तिचं पाणी होतं आणि तेच पाणी वॉफल परत शोषून घेतो. तुमचे दोन मिनिटांत मऊ पडतात त्याचं अर्धं कारण हेच असणार. पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर आडवी ठेवा आणि वॉफल तिच्यावर, खालून हवा लागली पाहिजे. सगळे एकदम वाढायचे असतील तर ओव्हनमध्ये जाळीवर 100 डिग्रीला ठेवा.

उरलेला रस वाया घालवू नका, त्याचा पाक करा. एक कप रसात तीन चमचे साखर, मध्यम आचेवर आटवत तिसरा हिस्सा राहू द्या, गॅस बंद करा, मग त्यात चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ आणि थोडी किसलेली साल. साल गॅस बंद केल्यावरच, उकळली की वास उडतो. हा पाक वाढताना वरून ओता, आधीपासून ओतून ठेवू नका. खरं सांगायचं तर मधापेक्षा आणि बाटलीतल्या सिरपपेक्षा हा कितीतरी चांगला लागतो, आणि रस वापरायची ही योग्य जागा आहे, पिठात नाही. बरोबर घट्ट चक्का असेल तर एक चमचा तोही ठेवा.

अंडी चालत नसतील तर दही पाऊण कप करा, कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा, दूध बघून घाला. फुलतात थोडे कमी पण कुरकुरीत होतात. कणकेचे करायचे असतील तर निम्मी कणीक निम्मा मैदा ठीक, पीठ मात्र पंधरा मिनिटं भिजू द्या आणि दूध थोडं जास्त. पूर्ण कणकेचे मला नाही आवडत, संत्र्याचा वास कणकेच्या वासाखाली दबतो.

संत्र्याचा सीझन नसेल तेव्हा कागदी लिंबाची साल घ्या, पण तिचा जोर फार असतो, दोन लिंबांच्या वर नको, आणि पिठात चमचाभर खसखस टाका, मस्त लागते. मोसंबी रसाला गोड असली तरी सालीला वास बेताचा, म्हणून मोसंबीबरोबर एका लिंबाची साल जोडीला द्या. इडलिंबू मिळालं तर त्याची जाड साल वासाला अप्रतिम, अगदी थोडी पुरते.

सकाळी वेळ नसेल तर कोरडं मिश्रण आणि साल घातलेली साखर रात्रीच घट्ट झाकणाच्या डब्यांत वेगवेगळी करून ठेवा. ओलं मात्र रात्री मिसळू नका, सोड्याचा गॅस सकाळपर्यंत निघून जाईल. जास्तीचे वॉफल पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, मध्ये बटर पेपर घालून, आणि टोस्टरमध्ये थेट गरम करायचे, मायक्रोवेव्हमध्ये नाही. मुलांच्या डब्यात द्यायचे असतील तर तेही आधी जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि पाक छोट्या डबीत वेगळा द्या. दुपारपर्यंत कुरकुरीत राहणार नाहीत हे मुलांना माहीत असू दे, पण सालीचा वास तेव्हाही असतो.