तिसऱ्या दिवशी सहा, पाचव्या दिवशी एकच: चुकलं कुणाचं?

ताई, आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) तुमची नऊ स्त्रीबीजं निघाली, सात फलित झाली, तिसऱ्या दिवशी सहा छान होती आणि पाचव्या दिवशी एकच ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस नीट वाढलेला गर्भ, हाती आला. सासूबाई म्हणतात, विट्याहून एसटीनं ये-जा केलीस, त्या दगदगीनं बाकीचे गेले. आधी याचंच उत्तर देते. त्या पाच दिवसांत गर्भ तुमच्या पोटात नव्हतेच, लॅबमधल्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे गर्भ वाढवायच्या उबदार पेटीत होते. तुम्ही एसटीनं फिरलात काय किंवा अंथरुणाला खिळून राहिलात काय, त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. एवढं सासूबाईंना वाचूनच दाखवा.

मी मिरजेत आयव्हीएफ लॅबमध्ये बारा वर्षं काम करते. पहिले दोन-तीन दिवस गर्भ स्त्रीबीजातल्या शिदोरीवर वाढतो. चार ते आठ पेशींच्या सुमाराला त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, त्यात वडिलांकडून आलेलीही असतात. ते नीट जमलं नाही तर गर्भाची वाढ थांबते. त्यामुळे तिसऱ्या दिवसानंतर गळती सगळीकडेच होते. फलित झालेल्यांतले साधारण निम्मे ब्लास्टोसिस्ट झाले तर ठीक म्हणायचं. तुमचे सातातून एक, म्हणजे कमीच. कारण स्त्रीबीजात असेल, शुक्राणूत असेल किंवा लॅबमध्येही असेल. तपासण्या फक्त तुमच्याच होत असतील तर यजमानांच्याही करायला सांगा.

आता लॅबचं. तापमान ३७ अंश लागतं. बाहेर थोडा वेळ जरी थंड झालं तरी स्त्रीबीजात गुणसूत्रं ओढून धरणारे तंतू विस्कटतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पण गर्भाशयात बराच कमी. म्हणून चांगल्या इनक्युबेटरमध्ये तो ५ टक्क्यांवर ठेवतात, आणि माझ्या मते आज यावर तडजोड नकोच. कार्बन डायऑक्साइडवर मीडियाचा, म्हणजे गर्भ ज्या द्रवात वाढतो त्याचा, पीएच (आम्लता) ठरतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे हवेचा दाब कमी. मुंबईत कार्बन डायऑक्साइडचा जो आकडा लावून पीएच बरोबर येतो, तोच इथे लावला तर चुकतो, थोडा वाढवावा लागतो. म्हणून यंत्रावरच्या आकड्यावर न थांबता पीएच प्रत्यक्ष मोजायचा असतो.

हवेबद्दल मात्र मला जास्त सांगायचंय, कारण ती दिसत नाही. मी आधी ज्या लॅबमध्ये होते तिथे शेजारच्या खोलीला रंग दिला. पुढचे काही आठवडे गर्भ तिसऱ्या दिवसापर्यंत नीट वाढायचे आणि मग थांबायचे. रंगाच्या वाफेवर आमचा संशय फार उशिरा गेला. त्या जोडप्यांचे चेहरे मला अजून आठवतात. आता आम्ही कुणीच अत्तर लावून आत जात नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, पण उदबत्ती-कापूर लॅबच्या आत येऊच देत नाही.

डॉक्टरांना न घाबरता विचारा: ऑक्सिजन किती ठेवता? पीएच कधी मोजता? त्याच आठवड्यात इतर पेशंटचे ब्लास्टोसिस्ट कसे झाले? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. इतरांचेही गळले असतील तर लॅबकडे बघायला हवं, तुमचेच गळले असतील तर बीज आणि शुक्राणूंकडे. लाइट गेल्यावर इनक्युबेटर कशावर चालतात तेही विचारा. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडे हा प्रश्न कुणाला वावगा वाटायचं कारण नाही.

जो एक फ्रीज केलाय त्याचा ग्रेड (लॅबनं दिलेली प्रतवारी) आणि तुमचं वय इथे लिहा. ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) लगेच करायची की आधी अजून बीजं काढायची, ते त्यावर बोलू.