सोलापूर ते लेह: कड्यापेक्षा ब्रेक ऑइलची काळजी करा

प्रश्न असा आहे: जूनअखेरीस १२०० सीसीच्या पेट्रोल हॅचबॅकने चौघे सोलापूरहून मनाली–लेह करणार आहेत. 'जगातले सर्वांत धोकादायक रस्ते' छाप व्हिडिओ बघून घरच्यांनी धसका घेतलाय. आणि त्याच व्हिडिओत किश्तवाड–किलार हा जम्मूकडून हिमाचलात जाणारा कड्यातला रस्ता बघून गाडीमालकाला तिकडेही जायची खुमखुमी आलीय.

लेह जमेल. किलार या खेपेला नको. का, ते सांगतो.

या याद्यांमध्ये पहिला मान बहुतेक वेळा बोलिव्हियातल्या युंगास रस्त्याला असतो. १९९५ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने त्याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता म्हटलं, तेव्हापासून नाव चिकटलं. ला पाझच्या वरच्या खिंडीत तो साधारण ४६५० मीटरवर असतो आणि कोरोइकोच्या बाजूला १२०० मीटरपर्यंत उतरतो. रुंदी कित्येक ठिकाणी जेमतेम ३ मीटर. २००६ मध्ये पर्यायी रस्ता झाला, आता तिथे जास्त करून सायकलवाले असतात. पण त्याचा एक नियम समजून घेण्यासारखा आहे. बोलिव्हियात वाहतूक उजवीकडून आणि स्टिअरिंग डावीकडे. फक्त या रस्त्यावर गाड्या डावीकडून चालतात. त्यामुळे उतरणारी गाडी दरीच्या कडेला येते, आणि ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली की बाहेरचं चाक कड्यापासून किती बोटं लांब आहे ते त्याला स्वतःला दिसतं.

आपल्याकडे उलटी गंमत. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडे. दरी डावीकडे असली की धोक्याचं चाक नेमकं ड्रायव्हरच्या नजरेआड. म्हणून अरुंद जागी समोरून ट्रक आला की शेजारच्याने खाली उतरायचं, गाडीच्या पुढे उभं राहून डावं चाक बघायचं आणि हाताने खुणा करायच्या. गाडीत बसून "आहे आहे, जागा आहे" म्हणणारा उपयोगाचा नाही. कडेची माती पावसाने पोकळ झालेली असते, म्हणून डांबराच्या किंवा दाबलेल्या खडीच्या बाहेर चाक घालायचं नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची; हा नुसता शिष्टाचार नाही, आपल्या वाहतूक नियमांतच आहे.

आता ब्रेक. सोलापूरकराची खरी अडचण इथे आहे, कारण आपला सगळा सराव सपाटीवरचा. पुण्याला जा की विजापूरला, टॉप गिअर टाकला की विषय संपला. तुळजापूरच्या घाटात ब्रेक तापायच्या आतच उतार संपतो. मनाली–लेह वाटेवरची टांगलांग ला ही खिंड ५३२८ मीटरवर आहे, तिथून लेहच्या अलीकडच्या उपशी गावापर्यंत जवळपास १९०० मीटर उतरायचं असतं. माणसं आणि सामान धरून १४०० किलोची गाडी १००० मीटर नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यात ४० लिटर पाणी उकळेल. ती सगळी ताटाएवढ्या दोन डिस्क आणि मागच्या ड्रमांत जाते.

यात दोन वेगळे बिघाड होतात आणि पायाला ते वेगळे कळतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, म्हणजे पॅड तापून गुळगुळीत झाले. पेडल मऊ पडून खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं आणि पाइपात वाफ झाली. दुसरा प्रकार जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं: नवीन डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° असतो, ओलावा धरल्यावर तो १५५° पर्यंत येऊ शकतो. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी पूर्ण बदला. नुसता डबा वर भरून घेऊ नका, चारही चाकांतून जुनं काढायला सांगा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक वेळ दुसरा. इंजिन ३००० आरपीएमला ओरडलं तरी ओरडू द्या. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून ४० चा २५ करा आणि पाय पूर्ण उचला. अर्धवट पाय ठेवून घासत उतरणं हीच चूक. न्यूट्रल तर चुकूनही नाही. वास आलाच तर सपाट जागी थांबा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं की ती वाकडी होते. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून बाजूला टाका. मागच्याच्या चाकाखाली येणारे दगड असेच कुणीतरी ठेवलेले असतात.

कूलंट हा आपल्या गावचा खास घोळ. एप्रिल-मे मध्ये रेडिएटर कमी झाला की नळाचं पाणी ओततात. इथे चालून जातं. पण उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि सरचूच्या, म्हणजे वाटेवरच्या उंच मुक्कामाच्या, रात्री गोठतं. पूर्ण रिकामा करून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं भरा. डिझेल बीएस६ गाडी नेणाऱ्यांसाठी: ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) उणे ११° ला गोठतं, ऑक्टोबरात जाणार असाल तर लक्षात ठेवा.

टायरच्या हवेबद्दल "वर गेलं की हवा कमी करा" असा सल्ला सर्रास मिळतो. हिशोब करून बघा. सोलापुरात ४०° ला ३३ पीएसआय भरली. बारालाचा ला ही खिंड ४८९० मीटरवर, तिथे तापमान समजा ०°. थंडीमुळे दाब उतरतो, पण बाहेरची हवा विरळ असल्याने मीटरवर तो चढलेला दिसतो. दोन्ही मिळून मीटर पुन्हा ३३ च्या आसपासच दाखवतो. मग न मोजता हवा सोडली, तर खाली उतरल्यावर टायर बसलेला मिळणार.

चौघे आणि सामान घेऊन गेलेल्या हॅचबॅकचा वर सगळ्यात आधी क्लच जातो. बिनटर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद दर १००० मीटरला साधारण १० टक्के घटते. गाडी उचल घेत नाही, ड्रायव्हर हाफ क्लचवर ओढतो, आणि सरचूच्या पुढच्या गाटा लूप्स या चढाच्या २१ वळणांत प्लेट जळते. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, रेस द्या, क्लचने पकडलं की हँडब्रेक खाली करा आणि क्लच पूर्ण सोडा. गाडी तरीही ओढत नसेल तर दोघांनी उतरून वळण चालत जायचं, लाज वाटून घेऊ नका.

नाले सकाळी ९ च्या आत ओलांडा. दुपारी वरचं बर्फ वितळून तोच नाला दुप्पट होतो. आधी एखादा ट्रक जाऊ द्या, त्याची चाकं किती बुडतात ते बघा. पाणी आपल्या चाकाच्या निम्म्यावर जात असेल तर थांबा. पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये क्लच नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून काढायची.

पेट्रोल अटल बोगद्यापुढच्या टांडी गावाला गच्च भरा. तिथली पाटी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर सांगते. ३५ लिटरची टाकी असेल तर १२ चा ॲव्हरेज धरूनही भागतं. मुक्काम मनालीत एक-दोन रात्री, मग जिस्पा. पहिल्याच रात्री सरचू गाठू नका, ते ४२०० मीटरच्या वर आहे. डोकं ठणकतंय आणि उलट्या होतायत, तर गोळी घेऊन पुढे रेटायचं नाही, खाली यायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का हे डॉक्टरांना इथेच विचारा. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, एक तरी पोस्टपेड असू द्या. अटल बोगद्यातून जाताना रोहतांगचा परवाना लागत नाही.

किलार नको म्हणालो, कारण तिथे उंचीचा प्रश्नच नाही, आहे तो रुंदीचा. चिनाबच्या वर कडा कोरून काढलेली एका गाडीची वाट, डोक्यावर खडक, कठडा नाही. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, तेही वळणावरून आणि कधी चढावर. दोनशे मीटर रिव्हर्स फक्त आरशांत बघून, चाक एका रेषेत ठेवून घेता येतं का? रिकाम्या मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारा, गाडीच्या रुंदीपेक्षा दोन फूट जास्त अंतरावर. मग करून बघा. दहातल्या दहा वेळा जमलं की पावसाळा संपल्यावर वरंधा घाटात सराव करा, आणि किलारचं त्यानंतर बोलू.

जाता जाता: घराजवळून जाणारा ५२ नंबरचा हायवे बीड, धुळे, इंदूर, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला पोचतो. त्या सपाट रस्त्यावर रात्री दोन ते पाच गाडी चालवू नका, रोज ६०० किलोमीटरवर थांबा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर घ्या, सरचूपर्यंत टिकते.