टेक्निकल डाइव्हनंतर (म्हणजे ज्यातून टप्प्याटप्प्याने थांबतच वर यावे लागते अशा खोल डाइव्हनंतर) वर येताना पहिला थांबा खोलवर घेणे अधिक सुरक्षित असते का?
नाही, वर येण्याचा एकूण वेळ तेवढाच असेल, तर तो खोल थांब्यांवर खर्च करण्याऐवजी उथळ थांब्यांवर घालवणे अधिक सुरक्षित ठरते. याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाच्या २०११च्या अहवालात आहे. त्या अहवालातील चाचणीत साधी हवा श्वासात घेत १७० फूट, म्हणजे सुमारे ५२ मीटर, खोलीवर ३० मिनिटे राहिलेल्या डायव्हर्सना दोन्ही पद्धतींत थांब्यांसाठी एकूण सारखाच, १७४ मिनिटांचा, वेळ दिला होता. पहिला थांबा ७० फुटांवर असलेल्या १९८ डाइव्हमध्ये डीकॉम्प्रेशन सिकनेसची (दाब कमी होताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराची) १० प्रकरणे झाली, तर तो ४० फुटांवर असलेल्या १९२ डाइव्हमध्ये केवळ ३. खोल थांब्यावर भरपूर रक्तपुरवठ्याच्या ऊती नायट्रोजन सोडत असतात हे खरे, पण त्याच वेळी मंद ऊती (कमी रक्तपुरवठ्याच्या, वायू सावकाश घेणाऱ्या-सोडणाऱ्या) तो शोषतच राहतात आणि हा साठा पुढे उथळ पाण्यात बाधतो. मात्र ही चाचणी हवेवरची होती, त्यामुळे ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम व नायट्रोजनचे मिश्रण) व ऑक्सिजन वापरताना तिची दिशा ग्राह्य धरावी, आकडे जसेच्या तसे नव्हे. आणि पहिला थांबा उथळ घ्यायचा म्हणून एकूण डीकॉम्प्रेशनचा (थांबत थांबत वर येण्याचा) वेळ कापणे तर मुळीच योग्य नाही.