टीव्ही जोडला, पण अक्षरं धड दिसत नाहीत

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला आहे. चारही कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो आणि अक्षरांभोवती रंगाची झाक येते. केबल बदलावी का?

उत्तर : केबलचा दोष नाही, पैसे वाचवा. टीव्ही आलेलं चित्र किंचित मोठं करून कडा कापतो, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या काळात कडेचा ओबडधोबड भाग झाकायला ही युक्ती होती. ट्यूब गेली, युक्ती राहिली. टीव्हीच्या पिक्चर मेनूत चित्राच्या आकाराचा पर्याय शोधा. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं : ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’. नुसतं ‘१६:९’ निवडून बरेचदा भागत नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधूनही चित्र लहान करता येतं, पण मग ते एकदा आक्रसतं, एकदा ताणलं जातं आणि अक्षरं आणखी बिघडतात. दुरुस्ती टीव्हीतच करावी.

रंगाची झाक येते कारण बरेच टीव्ही उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा कमी करतात. सिनेमात हे कळतही नाही. काळ्यावरची लाल बारीक अक्षरं मात्र फिसकटतात. टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टला ‘पीसी’ हे नाव द्या. अनेक टीव्हींत एवढ्यानेच रंग पूर्ण तपशिलात दिसू लागतात. शार्पनेसही उतरवा. विंडोजमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, टीव्हीच्या पॅनेलइतकंच हवं. पॅनेल १३६६ × ७६८ चं असेल आणि टीव्ही १९२० × १०८० स्वीकारून ते आत लहान करत असेल, तर अक्षरं कधीच रेखीव दिसणार नाहीत.

प्रश्न : फोर-के टीव्हीवर माउस अडखळत चालतो.

उत्तर : बहुधा चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतंय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट पाहा. ६० चा पर्यायच नसेल, तर लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीचा असू शकतो. त्यावर फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच जातं. अशा वेळी १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ घ्या, कामाला तेच सुखाचं. पोर्ट २.० चा असूनही ६० मिळत नसेल, तर टीव्हीत त्या पोर्टसाठी ‘इनपुट सिग्नल प्लस’ किंवा ‘डीप कलर’ अशा नावाचं सेटिंग बंद असतं, ते चालू करा. केबलवर संशय त्यानंतर. ६० असूनही माउस हाताच्या मागे राहतो? टीव्हीतला गेम मोड लावा.

प्रश्न : दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. आवाजही लॅपटॉपमधूनच येतो.

उत्तर : विंडोज की आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाजासाठी टीव्ही निवडा. टीव्ही बंद असताना एखादी खिडकी तिकडेच अडकली, तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा.