सातव्या महिन्यात धाप लागते, कपालभाती करू का?

ताई, सातवा महिना चालू आहे, दोन जिने चढले की धाप लागते आणि सासूबाई कपालभाती करायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. नका करू. पोटाला झटके देणारी कपालभाती आणि भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम) बाळंतपणापर्यंत बंद ठेवा. श्वास कोंडून धरणंही नको.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, त्यामुळे मेंदूच जास्त श्वास घ्यायला लावतो. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय श्वासपटलाला, म्हणजे फुप्फुसांखालच्या पडद्याला, वर रेटतं, म्हणून थोडी धाप बहुतेकींना लागते. माझं माहेर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मी मधल्या पायरीवर बसून "आई, मी दमलो गं" म्हणायचे (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'दमलो'च म्हणतो) आणि आई वरून "ये सावकाश" म्हणायची. पण माझं हिमोग्लोबिन निघालं 9. गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. तेव्हा आधी ते बघून घ्या; तिथं प्राणायाम काही कामाचा नाही, लोहाच्या गोळ्याच लागतात. आणि त्या चहाबरोबर घेऊ नका, मी महिनाभर तेच करत होते.

बसल्याजागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, एकाच पायाला सूज, यातलं काही झालं तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठा.

मला मानवलं ते एवढंच: संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर पाठ ताठ ठेवून बसायचं, मनात चार मोजत नाकानं श्वास घ्यायचा आणि सहा मोजत, गरम चहावर फुंकर घालतो तसा सोडायचा. पाच-दहा मिनिटं पुरे, गरगरलं की थांबायचं. आकडे मोजायचा कंटाळा आला तर भ्रामरी करा, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडा, गुणगुणण्यात श्वास आपसूक लांबतो. जेवल्यावर लगेच नको. पांढरा रस्सा ओरपून एकदा बसले होते, घशाशी आलं. रात्री मात्र उताणं न झोपता डाव्या कुशीवर, मांड्यांमध्ये उशी घेऊन.

बाळंतपणाच्या कळा मात्र थांबत नाहीत हो या श्वासानं. माझं मोजणं तर तिसऱ्या-चौथ्या कळेलाच विसरलं. मावशी पाठीवरून हात फिरवत नुसतं "सोड, सोड" म्हणत होती, तेवढ्यावर खांदे सैल पडायचे. म्हणून सोबत येणाऱ्या बाईला आत्ताच शेजारी बसवून सराव करा.